पॅनिक विकार : स्वभाव आणि झोप

पॅनिक विकारात, म्हणजे तीव्र भीतीचे झटके अकस्मात व वारंवार येण्याच्या आजारात, झोप बिघडते ती केवळ दिवसभराच्या काळजीमुळे, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अनेक रुग्णांना झटका झोपेतच येतो : रात्रीच्या पहिल्या काही तासांत माणूस दचकून उठतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, तो धावत जाऊन खिडकी उघडतो. टॉमस मेलमन व सहकारी यांनी १९८९ मध्ये दाखवले की हे झटके स्वप्नांच्या टप्प्यात नव्हे, तर हलकी झोप गाढ होत असताना येतात; म्हणून त्यांना दुःस्वप्ने म्हणता येत नाही. पुढे अंथरुणाचीच धास्ती बसते आणि निद्रानाश जडतो.

झटके आणि झोप यांतला हा दुवा समजण्यासाठी स्वभावाकडे वळावे लागते. सर्वसाधारण चिंताळूपणापेक्षा येथे महत्त्वाची आहे ‘चिंता-संवेदनशीलता’, म्हणजे धडधड, घेरी अशा शारीरिक खुणा घातकच असतात ही धारणा. आजारामुळेच स्वभाव असा बनतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र नॉर्मन श्मिट व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात, अमेरिकी हवाईदलाच्या ज्या छात्रांमध्ये ही धारणा आधीच प्रबळ होती, त्यांना खडतर प्रशिक्षणात झटके येण्याची शक्यता अधिक आढळली. झोपलेला माणूस खुणांचा अर्थ लावणार कसा, हा आक्षेप अधिक अवघड. पण तान्ह्याच्या बारीक चुळबुळीनेही आई जागी होते. झोपेतला मेंदू महत्त्वाची खूण टिपतोच. त्यामुळे श्वासरोधासारखे शारीरिक कारण वगळल्यावर उपचार झोपेच्या गोळीवर थांबू नयेत. शरीराच्या खुणांचे भय कमी करणारी बोधात्मक वर्तनोपचारपद्धती रात्रीच्या झटक्यांवरही उपयोगी पडते.