फिश टँकमधला वाळूचा उतार का घसरतो? टिकवायचा कसा?

जालन्यात घरी दोन फुटी टँक लावला, तेव्हा मागे वाळूचा मस्त डोंगर केला होता. महिन्याभरात सपाट! झाडांची मुळं उघडी पडली, दगड पुढच्या काचेकडे कलंडला. काच वाचली हे नशीब.

का घसरतो?
कोरड्या वाळूचा ढीग साधारण 30 ते 35 अंशांपर्यंतच उभा राहतो. टँकमध्ये फिल्टरचा प्रवाह आणि उकरणारे मासे त्याला आणखी खाली आणतात. गोल दाणे लवकर घसरतात, कोनदार खडी एकमेकांत अडकते.

किती उतार द्यायचा?
टँकची रुंदी 30 सेंमी असेल तर पुढे 3 आणि मागे 12 सेंमी थर ठेवा. कोन सुमारे 17 अंश येतो.

कसा टिकवायचा?
1. शेतात बांध घालतो तसंच करा. तळाशी फोम शीट अंथरून त्यावर दगड आडवे लावा, मग वाळू भरा. वाळूवर ठेवलेला दगड सरकतो.
2. मागच्या उंच भागात खाली जाळीच्या पिशव्यांत खडी भरा. बारीक वाळूच्या जाड थरात ऑक्सिजन पोचत नाही, घाण सडते.
3. आपला काळा बेसाल्ट चालतो. पांढरे डाग असतील तर त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर तो दगड नको, पाणी जड होतं.
4. पाणी ताटलीवर हळूहळू ओता.

मोबाईल टिप: बाजूच्या काचेवर मार्करने उताराची रेघ मारा. दर रविवारी त्याच जागेवरून फोटो काढा. वाळू रेघेखाली गेली की लगेच कळेल.