विनोद आणि बहिष्करण : न्यूयॉर्कमधील समलिंगी मुक्तिदिन, १९७३

प्रस्तावना

विनोद हे दुर्बलांचे शस्त्र आहे, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील समलिंगी समुदायाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पोलिसांच्या धाडी, नोकरीतून बडतर्फी आणि कुटुंबाचा तुटलेला आधार यांना तोंड देताना या समुदायाने स्वतःची विनोदशैली घडविली. तथापि ज्या हास्याने समूह एकत्र येतो, त्याच हास्याने समूहातील काही जण दूर लोटले जातात. २४ जून १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे घडलेल्या प्रसंगाच्या आधारे या प्रक्रियेचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

स्त्रीवेश आणि विनोद

मानववंशशास्त्रज्ञ एस्थर न्यूटन यांनी १९६० च्या दशकात शिकागो व कॅन्सस सिटी येथील स्त्रीवेशधारी पुरुष कलावंतांचा अभ्यास केला. तो १९७२ मध्ये ‘मदर कॅम्प’ या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. ‘कॅम्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनोदशैलीत त्यांना विसंगती, नाटकीपणा आणि हास्य ही तीन लक्षणे आढळली. स्वतःच्या हीन ठरविलेल्या स्थितीवर रडण्याऐवजी हसणे, हे तिचे मर्म होय. परंतु याच अभ्यासातून समुदायातील उतरंडही उघड झाली. रंगमंचावरचे कलावंत रस्त्यावर उघडपणे स्त्रीवेशात वावरणाऱ्यांना हलके लेखत. स्त्रीवेश हा मंचावर व्यवसाय ठरे, रस्त्यावर मात्र कलंक.

वॉशिंग्टन स्क्वेअरमधील संघर्ष

१९६९ च्या स्टोनवॉल उठावाच्या स्मरणार्थ १९७० पासून दरवर्षी मोर्चा निघू लागला. १९७३ च्या मोर्चाची सांगता वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातील सभेने झाली. तेथे सिल्व्हिया रिव्हेरा यांनी व्यासपीठ गाठले, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उडविण्यात आली. रिव्हेरा यांनी १९७० मध्ये मार्शा पी. जॉन्सन यांच्यासमवेत रस्त्यावर राहणाऱ्या स्त्रीवेशधारी तरुणांसाठी संघटना उभारली होती. तुरुंगात मारहाण व बलात्कार सोसणाऱ्या आपल्याच माणसांचा चळवळीला विसर पडला आहे, असे त्यांनी संतापाने सुनावले.

त्यानंतर ‘लेस्बियन फेमिनिस्ट लिबरेशन’च्या जीन ओलिअरी यांनी निवेदन वाचले. करमणुकीसाठी व पैशासाठी पुरुषांनी स्त्रियांचे सोंग घेणे हा स्त्रीजातीचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता. ली ब्रूस्टर यांनी स्त्रीवेशधारींच्या वतीने त्यास तितकेच तिखट उत्तर दिले. अखेर गायिका बेट मिडलर यांनी मंचावर येऊन गाणे म्हटले, तेव्हा वातावरण काहीसे निवळले.

विश्लेषण

ओलिअरी यांच्या आक्षेपात तथ्य होते. पुरुषप्रधान समाजात स्त्रीचे चालणे-बोलणे हाच थट्टेचा विषय होतो. समलिंगी पुरुषांच्या सभेतही तीच थट्टा रंगत असेल, तर तेथील स्त्रीने कोणाबरोबर हसावे? त्या हास्यात सामील होणे म्हणजे स्वतःलाच हसणे होते. मात्र या निवेदनाने विनोद करणारा आणि जगणारा यांतील भेद पुसून टाकला. रिव्हेरा यांच्यासाठी स्त्रीवेश हे करमणुकीचे सोंग नव्हते, ते त्यांचे जगणे होते. विनोदाविरुद्धचा निषेध अशा रीतीने माणसांविरुद्धचा निषेध झाला. एका बहिष्करणाला उत्तर म्हणून दुसरे बहिष्करण उभे राहिले.

या प्रसंगानंतर रिव्हेरा दीर्घकाळ चळवळीपासून दूर राहिल्या. न्यूयॉर्क शहराने १९८६ मध्ये लैंगिक कलाच्या आधारे होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली. लिंगओळखीला तेच संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिव्हेरा यांचे निधन झाले. सोळा वर्षांच्या या अंतराचे खापर एका सभेवर फोडता येणार नाही. तरीही चळवळीने कोणाला आपले मानले आणि कोणाला अडचण, हे त्या सभेत दिसून आले होते.

निष्कर्ष

ओलिअरी यांनी पुढे आपल्या त्या भूमिकेविषयी खेद व्यक्त केला. हा खेद इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटतो, कारण पीडितांचा समूहही आपल्यातील अधिक पीडितांना दुखवू शकतो, याची त्यात कबुली आहे. विनोदाचे मूल्यमापन केवळ तो कोणी केला यावरून होत नाही. तो कोणाच्या जिवावर केला गेला आणि हसणाऱ्यांच्या मेळ्यात कोण गप्प उभे होते, हेही पाहावे लागते.