डालड्याचा डबा आणि आपलं रक्त
ठाणे-डोंबिवलीच्या चाळींत डालड्याच्या पिवळ्या डब्यात लावलेली तुळस आपण पाहिली आहे. १९३७ साली आलेला डालडा तुपासारखा दिसे आणि स्वस्त पडे. दिवाळीचा फराळ त्यातच होई. पण तेलात हायड्रोजन सोडून ते थिजवताना ट्रान्स मेदाम्लं तयार होतात. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, चांगलं घटवतात. धमन्या अरुंद होत जातात. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० मध्ये कोलेस्टेरॉलवरचा हा परिणाम दाखवला. आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली २०२२ मध्ये. तेव्हा दोष आपल्या आयांचा नव्हे. दिसणं आणि असणं यांतला फरक कळायला अर्धशतक लागलं, कायद्यात उतरायला आणखी ३२ वर्षं.