आटपाडी परिसर : इतिहास, मंदिरस्थापत्य व धर्माचारातील संज्ञा

आटपाडी हे सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण. माणगंगेच्या खोऱ्यातला हा कमी पावसाचा टापू माणदेशात मोडतो. साताऱ्याचा माण, सांगलीचा आटपाडी आणि सोलापूरचा सांगोला हे तालुके मिळून माणदेशाचा मुख्य पट्टा होतो. कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, विजापूरची आदिलशाही, मराठेशाही आणि शेवटी औंध संस्थान अशा सत्ता येथे नांदल्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये हा भाग दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले.

इजिप्तविषयक ग्रंथांच्या शेवटी फेरो, पायलॉन, स्टीला, नेओस अशा शब्दांची सूची असते. माणदेशाची तशी सूची करायला बसले की राज्यकारभाराचे, बांधकामाचे आणि देवधर्माचे शब्द वेगवेगळ्या खणांत मावत नाहीत. येथील बहुतेक संज्ञा एखादी वस्तू दाखवतात आणि त्याच वेळी त्या वस्तूवर कोणाचा हक्क, कोणावर कोणते काम हेही सांगतात. पुढील नोंदी त्या दृष्टीने दिल्या आहेत. जेथे प्राचीन इजिप्तशी तुलना केल्याने अर्थ उलगडतो, तेथे ती केली आहे.

जमीन, सत्ता आणि वतन

काळी व पांढरी : गावाच्या जमिनीचे दोन भाग. पिकाऊ रान ती काळी आणि घरे वसलेली गावठाणाची जागा ती पांढरी. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या ढासळत, चुलीची राख व शेणकूर मुरत गेल्याने गावठाणाची माती फिकी व भुसभुशीत होते. उजाड झालेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडालाही पांढरीच म्हणतात आणि पुरातत्त्वज्ञ अशा टेकाडांचा शोध घेतात. ही माती माळवदावर, म्हणजे सपाट छपरावर घालतात. भिंतींवर तुळया, तुळयांवर किलचा, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर दाबून बसवतात. पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरली नाही, तर घर गळते. पांढरी ही देवताही आहे. गावावर संकट आले की पांढरीला नारळ फोडतात, आणि गावात राहण्याचा हक्क सांगताना ‘आम्ही या पांढरीतले’ असे म्हणतात.

प्राचीन इजिप्शियन लोक नाईलच्या गाळाच्या आपल्या भूमीला केमेत, म्हणजे काळी, आणि वाळवंटाला देश्रेत, म्हणजे तांबडी, असे म्हणत. तेथील उजाड वस्त्यांच्या टेकाडांतली कुजकी माती सेबाख या नावाने खत म्हणून शेतात जाई. अमार्ना येथील राजकीय पत्रव्यवहाराच्या मातीच्या पाट्या १८८७ मध्ये अशाच खणण्यात हाती लागल्या, असे सांगतात. खतासाठी आणि माळवदासाठी पांढरी खणून नेल्याने महाराष्ट्रातलीही अनेक जुनी टेकाडे झिजली आहेत.

महाल : तालुक्याच्या दर्जाचा महसुली विभाग. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे होते आणि मध्ये इंग्रजांचा व इतर संस्थानांचा प्रदेश पसरलेला होता. त्यामुळे आटपाडी महालाचा माणूस राजधानीला निघाला की वाटेत परक्या हद्दी ओलांडत जाई.

प्रतिनिधी : छत्रपतींच्या अनुपस्थितीत त्यांच्या जागी कारभार पाहणारा अधिकारी. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या मुक्कामात प्रल्हाद निराजींसाठी हे पद निर्माण झाले आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. पदाचे नाव घराण्याचे आडनाव बनले आणि औंधचे राजे पंतप्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले. इजिप्तचा फेरो हा शब्दही असाच सरकत आला. मूळ अर्थ ‘मोठा वाडा’. नंतर त्या वाड्यात राहणाऱ्या राजालाच तो लागू झाला.

वतन : गावासाठी करावयाच्या कामाच्या मोबदल्यात मिळणारा वंशपरंपरागत हक्क. पाटीलकी, कुलकर्ण व देशमुखी ही मानाची वतने. महार वतनात मात्र कामाचा बोजा फार आणि मोबदला तोकडा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने संपली.

तराळ : महार वतनातील पाळीचे गावकाम करणारा माणूस. दवंडी देणे, सरकारी टपाल व सारा पोहोचवणे, सांगावा नेणे, पाटील-कुलकर्ण्यांच्या हाकेला कोणत्याही प्रहरी उभे राहणे ही त्याची कामे. आटपाडीत जन्मलेले लेखक शंकरराव खरात (१९२१–२००१) पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘तराळ-अंतराळ’ या त्यांच्या आत्मचरित्रामुळे ही संज्ञा माणदेशाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

स्वतंत्रपूर : आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने रयतेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांच्या कल्पनेतून, शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीविना आणि कुटुंबासह शेती करत राहता यावे म्हणून ही वसाहत वसवली गेली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाला याच प्रयोगाने प्रेरणा दिली. चित्रपटाची कथा आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांची.

देऊळ

हेमाडपंती : जुन्या काळ्या दगडी देवळाला लोक सरसकट लावतात ती संज्ञा. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चुना न वापरता दगडाला खाच पाडून त्यात दुसऱ्या दगडाचे कुसू बसवणे, खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल घडवणे, एकापुढे एक सरकवलेल्या थरांनी छत मिटवत आणणे ही या बांधणीची लक्षणे. ही रीत हेमाद्रीच्या आधीपासून चालत आलेली आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात १०६० चा शिलालेख आहे, तोच याचा पुरावा. म्हणून अभ्यासक ही संज्ञा जपून वापरतात. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र तिचा अर्थ ‘फार जुने’ एवढाच असतो.

सभामंडप, अंतराळ, गाभारा : देवळाचे बाहेरून आत जाणारे तीन टप्पे. सभामंडपात भजन-कीर्तन होते. मंडप आणि गाभारा जोडणारी चिंचोळी जागा ते अंतराळ. गाभाऱ्यात देव असतो. तो लहान व अंधारा असून शिवालयात बहुधा दोन-चार पायऱ्या खाली असतो. गाभाऱ्याच्या चौकटीवरील उभ्या नक्षीपट्ट्यांना द्वारशाखा म्हणतात आणि वरच्या पट्टीच्या मध्यावरील देवतेला ललाटबिंब. अभिषेकाचे पाणी ज्या कोरीव तोटीतून बाहेर पडते ती मकरप्रणाल किंवा गोमुख.

इजिप्तमध्ये एदफूच्या होरसमंदिरात (इ.स.पू. २३७–५७) हाच क्रम मोठ्या मापात दिसतो. पायलॉन म्हणजे जोडबुरुजी प्रवेशद्वार, मग उघडे अंगण, मग खांबांचे दालन आणि शेवटी देवाचा दगडी देव्हारा, अर्थात नेओस. आत जावे तसतसे छत खाली येते, जमीन चढते आणि उजेड कमी होतो. सामान्य माणसाची मजल बाहेरच्या अंगणापर्यंतच. आत फक्त पुरोहित जात. आपल्याकडे टप्पे जातीने ठरत. ज्यांना देऊळबंदी होती ते पायरीपाशी किंवा आवाराबाहेरूनच दर्शन घेत.

ओवरी, नगारखाना, दीपमाळ : आवारातील बांधकामे. ओवरी ही कोटाला लागून असलेली कमानींची पडवी. यात्रेकरू तिथे पथारी टाकतात. नगारखाना दरवाजावर असतो आणि नगारा वाजवण्याचे काम ठरावीक घराण्याकडे असते. दीपमाळ म्हणजे दिवे ठेवण्यासाठी हस्त काढलेला दगडी मनोरा. ती बहुधा नवस फेडण्यासाठी बांधली जाई, त्यामुळे तिच्या पायथ्याशी काही ठिकाणी दात्याचे नाव कोरलेले आढळते.

कोरीव दगड

वीरगळ : लढताना पडलेल्या वीराचे स्मारक. सातारा-सांगली भागात मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाभोवती हे दगड उभे किंवा भिंतीत चिणलेले दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला. तेथे गाई कोरल्या असतील तर तो गोधन सोडवताना मेला असे समजावे. त्यावर लढाईचा प्रसंग. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गी नेतात. शेवटच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र, सूर्य व कलश असतात. स्मृती चंद्रसूर्य असेतो टिकावी, हा त्यांचा अर्थ. अशा वीराच्या कुळाला जमीन दिल्याच्या नोंदी दख्खनच्या लेखांत मिळतात. ज्या कुळाला आपला पूर्वज ओळखीचा राहिला, ते लग्नकार्यात अजून त्या दगडाला शेंदूर लावते.

सतीशिळा : काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात हे हिचे मुख्य चिन्ह. पतीच्या वीरगळावरच तो हात कोरलेला असेल तर दोघांचे स्मारक एकच असते.

गधेगाळ : जमिनीच्या दानाला संरक्षण देणारा शापाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानलेख आणि खाली गाढव व स्त्री यांचा संकर. दान मोडणाऱ्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही धमकी अक्षरशत्रूलाही कळावी म्हणून चित्र. शिलाहारांच्या कोकणात हे दगड सर्वाधिक, देशावर कमी.

याला इजिप्तमध्ये नेमका जोड सापडतो. लिबियन घराण्यांच्या काळात, इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांत, देवळांना शेत दिल्याच्या दानशिळा उभारल्या गेल्या. इजिप्तविद्येत उभ्या कोरीव शिळेला स्टीला म्हणतात. या शिळांच्या वरच्या भागात राजा शेताचे चित्रलिपीतील चिन्ह देवाला अर्पण करताना दिसतो आणि खालच्या लेखात, दान हिरावणाऱ्यावर व त्याच्या बायकोवर गाढव चढेल, असा शाप असतो. दोन संस्कृतींमध्ये देवाणघेवाण झाल्याचा यातून काही पुरावा मिळत नाही. पण दूर राहणाऱ्या राजाची आज्ञा शिवारात पाळली जावी यासाठी, रोज डोळ्यांपुढे असणारे गाढव दोन्हीकडच्या लेखकांना उपयोगी पडले.

देव आणि यात्रा

सिद्धनाथ : माणदेशाचे मोठे दैवत, भक्तांच्या तोंडी नाथबाबा. काळभैरवाचे रूप मानतात; पत्नी जोगेश्वरी. म्हसवड (जि. सातारा) आणि आटपाडी तालुक्यातील खरसुंडी ही मुख्य ठाणी. म्हसवडचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. खरसुंडीची मोठी यात्रा चैत्रात भरते. ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ हा जयघोष.

सासनकाठी : देवाचे निशाण म्हणून मिरवतात ती उंच, सजवलेली बांबूची काठी. काठी गावाची किंवा घराण्याची असते आणि ती कोणत्या क्रमाने पुढे जाईल हे मानावर ठरते. तिला चारी बाजूंनी दोर बांधून तोल सांभाळतात, तळाशी खांदेकरी काठी पेलून नाचवतात आणि वरून गुलाल-खोबरे उधळले जाते.

मानकरी : यात्रेतील एखादे ठरावीक काम करण्याचा हक्क असलेले घराणे. पालखीला खांदा, मशालीचे तेल, पहिला नैवेद्य, वाजंत्री यांचा मान वाटलेला असतो. क्रम चुकला तर भांडण जुंपते आणि कधी ते कोर्टापर्यंत जाते, कारण मान हा गावातल्या प्रतिष्ठेचा जाहीर दाखला असतो.

कौल : देवाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील अनेक ग्रामदैवतांच्या मूर्तीला फुले, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात. उजवीकडचे पडले तर होकार. इजिप्तमध्ये हे काम देवाची नौका करी. कर्नाकचा आमून ओपेत उत्सवात लक्सरला जाई, तेव्हा त्याची मूर्ती नौकेच्या आकाराच्या पालखीत असे आणि ती पुरोहितांच्या खांद्यावर असे. लोक वाटेत प्रश्न विचारत. नौका पुढे झुकली तर होय, मागे सरली तर नाही. निवाडा देवाचा मानला जाई. प्रत्यक्षात नौका हलत असे ती खांदेकऱ्यांच्या पावलांनी.

सुंबरान व भाकणूक : धनगरांच्या बिरोबाशी निगडित संज्ञा, कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडी हे त्याचे प्रसिद्ध ठाणे. ढोलाच्या तालावर ओव्या सुरू करताना केलेले देवाचे स्मरण ते सुंबरान. यात्रेत अंगात देव आलेला माणूस पाऊस, पिके व जनावरांविषयी सूचक भाषेत सांगतो ती भाकणूक. कपाळी लावायचा भंडारा म्हणजे हळदीची पूड.

पोळ : देवाच्या नावाने डाग देऊन सोडलेला बैल. त्याला जुंपत नाहीत, विकत नाहीत आणि शेतातून काठीने हाकलण्यापलीकडे इजा करत नाहीत. कोणाच्याही रानात चरण्याची त्याला मुभा असते आणि गावाच्या गाईंना फळवण्याचे काम तो करतो. मेम्फिसचा एपिस बैल मंदिरात पाळला जाई आणि मेल्यावर त्याला सक्कारा येथील सेरापियममध्ये थोरल्या दगडी पेटीत पुरत. एका वेळी देशात एकच एपिस असे. पोळ मात्र ज्या गावाने सोडला त्या गावाचा असतो.

यात्रा : देवाचा उत्सव आणि जनावरांचा बाजार यांना मिळून असलेले एकच नाव. खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार बैलांची, तर आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या कार्तिकी यात्रेत शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री होते. पावसाच्या भरवशावर न राहता जनावरांवर जगणाऱ्या या मुलखात वर्षाची मोठी रोकड उलाढाल यात्रेत होते. म्हणून जत्रेच्या तिथी पाळणे हे धर्मकृत्य असते तितकेच पुढच्या हंगामाच्या तजविजीचेही काम असते.