कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या : कोणी, किती व कशा घ्याव्यात

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत सूर्यकिरण इतके तिरपे असतात, की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. सावळ्या त्वचेला त्यासाठी अधिक ऊन लागते, आणि खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी ठरते. शाकाहारात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. अमेरिकेत ते बहुधा दुधात मिसळलेले असते. ब्रिटनमधील साध्या दुधात नसते.

‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ने २०१६ मध्ये सर्व प्रौढांना शरद ऋतूत व हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकके, घेण्याचा विचार करण्यास सांगितले. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी हा सल्ला वर्षभराचा आहे. अमेरिकेत शिफारस ७० वर्षांपर्यंत १५ आणि त्यापुढे २० मायक्रोग्रॅमची आहे.

खरा धोका भारतातून आणलेल्या ६०,००० एककांच्या पुडीचा किंवा कॅप्सूलचा. ती रोजची मात्रा नव्हे; कमतरता आढळल्यास डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. ६०,००० एकके म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. प्रौढांसाठी दैनंदिन कमाल मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ही पुडी चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, अतितहान, गोंधळलेपण ही लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

कॅल्शियमचे गणित निराळे आहे. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी रोज ७०० मिलिग्रॅम, तर अमेरिकेत १,००० मिलिग्रॅम आणि पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी १,२०० मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. दही, ताक, तीळ आणि नाचणीही उपयुक्त आहेत. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झलेटमुळे फारसे शोषले जात नाही. आहारातून गरज भागत असेल, तर गोळीची आवश्यकता नाही.

गोळ्यांनी हाडे हमखास मजबूत होतात, हा समजही तपासून पाहावा. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या अभ्यासात ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व देण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत. मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये ‘व्हायटल’ चाचणीतही निरोगी प्रौढांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाने अस्थिभंग कमी झाल्याचे दिसले नाही. याचा अर्थ गोळ्या निरर्थक आहेत असा नव्हे. कमतरता, हाडांची ठिसूळता किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड उपचार असल्यास त्यांचे स्थान निश्चित आहे.

घेण्याची पद्धतही महत्त्वाची. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. सायट्रेट केव्हाही चालते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम चांगले शोषले जाते. १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते, म्हणून वेष्टन नीट वाचावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. पूर्वी मूतखडा झालेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत.

आई-वडील काही महिन्यांसाठी येणार असतील, तर त्यांच्या औषधांची यादी आधीच करावी. आठवड्याची पुडी कोणत्या वारी घ्यायची आणि कधी थांबवायची, हे तिच्यावरच मराठीत लिहून ठेवावे.