शेजारी शेजारी तीन तक्षशिला

रावळपिंडीजवळच्या तक्षशिलेत शहरे एकावर एक रचलेली नाहीत, ती शेजारी शेजारी आहेत. सत्ता बदलली, की नगरी थोडी बाजूला सरके.

या तिन्हींतली सर्वांत जुनी नगरी भीर टेकडीवरची. वेड्यावाकड्या गल्ल्यांच्या या गावावर आधी इराणच्या हखामनी सम्राटांचा अंमल होता. इ.स.पू. ३२६ मध्ये आंभी राजाने अलेक्झांडरला न लढता दारे उघडली ती इथलीच. पुढे मौर्य आले. त्यांच्यानंतर बॅक्ट्रियाच्या ग्रीकांनी सिरकप आखले: एक सरळ राजरस्ता आणि त्याला काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या. शक आणि पहलव तिथेच नांदले. कुषाणांनी मात्र सिरसुख हे तिसरे नगर वसवले.

पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९१३ पासून वीस वर्षे इथे खोदकाम केले, पण तक्षशिलेच्या प्रसिद्ध प्राचीन विद्यापीठाची म्हणावी अशी इमारत मिळाली नाही. मिळणार तरी कशी? जातककथांतली तक्षशिलेची विद्या आचार्यांच्या घरी चाले. ऐपतीचा शिष्य हजार नाणी आधीच देई, गरीब शिष्य दिवसा गुरुघरी राबून रात्री पाठ घेई. बुद्धांचा वैद्य जीवक इथे सात वर्षे शिकला, अशी विनयपिटकातली कथा आहे. नगराभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती आण, असे गुरूंनी त्याला सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला आणि परीक्षेत उतरला.

या नगरीचा खरा स्वभाव धर्मराजिका स्तूपाजवळ सापडलेल्या एका चांदीच्या पातळ पट्टीत दिसतो. लिपी खरोष्ठी, भाषा प्राकृत, कालगणना शक राजा अझेसची, वर्ष १३६. दाता उरसक बॅक्ट्रियाचा. त्याने बुद्धांचे अवशेष इथे ठेवले आणि पुण्य मागितले ते कुषाण सम्राटाच्या आरोग्यासाठी, आईवडिलांसाठी, मित्रांसाठी, स्वतःसाठीही. इतक्या लोकांचा वारसा एका माणसाच्या दानात सहज एकवटावा, हे तक्षशिलेतच शक्य होते.

पुढच्या शतकांत अध्ययन विहारांत स्थिरावले. जौलियाँच्या टेकडीवर चौकाभोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. पाचव्या शतकाच्या सुमारास तो विहार जळाला, आणि त्याच्या राखेत भूर्जपत्रावरची ब्राह्मी पोथी अर्धवट जळलेल्या अवस्थेत मिळाली. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन च्वांग आला तेव्हा बहुतेक विहार ओस पडले होते. तक्षशिला आधी कपिशा राज्याच्या ताब्यात होती आणि आता काश्मीरची मांडलिक झाली आहे, अशी नोंद त्याने केली.