रेड लेकची सात वर्षं

सप्टेंबर लागला की उत्तर मिनेसोटातला वॉलआय मासा काठाकडे सरकतो. पाणी गार व्हायला लागतं, बारीक मासळी उथळात गोळा होते आणि तिच्या मागोमाग हा येतो. अप्पर रेड लेकच्या पूर्व काठावर, वॉस्किशला, चार-सहा फूट पाण्यातही तो सापडतो. वेळ दिवेलागणीची, दोरीला जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, आणि जिगला एक छोटा मासा. वॉलआयच्या बुबुळामागे उजेड परतवणारा थर असतो. दलदलीतून आलेलं इथलं तपकिरी पाणी वाऱ्याने ढवळलं की बाकीच्यांना काही दिसेनासं होतं आणि याची शिकार सुरू होते. होडीत घेतल्यावर टॉर्चचा झोत पडला, की डोळा पांढराफटक पेटतो.

मी मूळचा हर्णैचा. नोकरीने मिनियापोलिसला आणलं आणि मासळीच्या ओढीने इथवर. वॉस्किशच्या धक्क्यावर जुन्या लोकांशी बोलायला बसलं, की गप्पा गळावरून सुरू होतात आणि तळं बंद होतं त्या वर्षांवर येतात.

रेड लेक म्हणजे जोडतळं, अप्पर आणि लोअर मिळून सुमारे 2 लाख 88 हजार एकरांचं. त्यातला बहुतेक भाग रेड लेकच्या ओजिब्वे आदिवासींचा. 1889 च्या कायद्याने मिनेसोटातल्या आदिवासी जमिनींचे माणशी तुकडे पाडायला घेतले, तेव्हा रेड लेकने ते साफ नाकारलं. जमीन सगळ्यांची सामाईक राहिली. पण हद्दीची रेघ अप्पर तळ्यातूनच गेली आणि पूर्वेचे सुमारे 48 हजार एकर राज्याकडे गेले. ती रेघ अन्यायाची आहे, ही तिथली तक्रार आजही मिटलेली नाही. माझ्यासारख्या बाहेरच्याने गळ टाकायचा तो राज्याच्या याच तुकड्यात.

जाळ्यांचा धंदा 1917 साली सुरू झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्नाची टंचाई होती, म्हणून राज्याने इथली मासळी बाजारात आणली. 1929 मध्ये ओजिब्वे मच्छीमारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि रेडबी गावातून वॉलआय बर्फात घालून बाहेर जाऊ लागला. पुढे काही पिढ्यांची चूल त्यावर पेटली. पकडीला मर्यादा होती, पण संस्थेला चुकवून चोरवाटेने विकलेला मासा कोणाच्याच वहीत चढत नव्हता. पलीकडे राज्याच्या पाण्यात गळवाल्यांची झुंबड होती. 1990 नंतर जाळी हलकी येऊ लागली आणि दशकाच्या मध्याला तळं जवळजवळ रिकामं झालं.

1997 मध्ये मच्छीमारांनी स्वतः मत देऊन जाळी उचलली. पोट त्यावर असलेल्यांनी आधी हात आवरला. राज्याने आपल्या बाजूची वॉलआय-मासेमारी त्यानंतर, 1999 मध्ये बंद केली. त्याच वर्षी ओजिब्वे, राज्य आणि केंद्र सरकार यांच्यात करार झाला. 1999, 2001 आणि 2003 मध्ये मिळून दहा कोटींच्या वर पिल्लं तळ्यात सोडली.

यातली कारागिरी मला फार आवडते. सोडण्याआधी पिल्लांना एका प्रतिजैविकाच्या पाण्यात ठेवत. घोळीच्या डोक्यात निघतात तसे खडे वॉलआयच्याही कानात असतात, फक्त इवलेसे. त्या खड्यावर औषधाची खूण बसते. पुढे मासा पकडून खडा घासला आणि अतिनील दिव्याखाली धरला की कडं उजळतं. कडं दिसलं तर मासा सोडलेला, नाही तर तळ्यातच जन्मलेला. घरच्या विणीवर तळं भरतंय का, हे अशा खड्यांवरून वाचता आलं. 2006 च्या मे महिन्यात तळं उघडलं तेव्हा राज्याच्या बाजूची बंदी सात वर्षांची झाली होती; तिथे माणशी दोनच मासे न्यायची मुभा मिळाली.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे दोन महिने होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की हंगाम सुरू होतो. तिथे बंदीची तारीख ठरलेली आणि सुटण्याचीही. रेड लेकमध्ये सुटण्याची तारीख मासाच ठरवणार होता. असा बिनमुदतीचा उपास धरणं अवघड.

सामाईक मालकीने हे तळं वाचवलं, असं काहीजण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. मालकी 1990 मध्येही सामाईकच होती आणि तरीही तळं उपसलं गेलं. पण मालक ठाऊक असल्यामुळे ‘थांबा’ म्हणणारं आणि ते ऐकणारं कोणीतरी होतं, हे खरं. उरलेलं काम मोजणीने केलं. ती अजून थांबलेली नाही: दर सप्टेंबरला, आम्ही गळ टाकून बसतो त्याच दिवसांत, दोन्ही बाजूंचे जीवशास्त्रज्ञ जाळी लावून वॉलआय मोजतात, वय काढतात, आणि आम्ही किती न्यायचे हे त्या आकड्यांवर ठरतं. मर्यादा कमी पडते म्हणून धक्क्यावर कुरकुर करणारे भेटतातच. मी त्यांना एवढंच म्हणतो, बाबांनो, 1990 मध्ये कोणी एवढं मोजलं असतं आणि मोजलेलं ऐकलं असतं, तर ती सात वर्षं लागलीच नसती.